देऊळ चालू, काम चालू

चालू लाईन न थांबवता शेड वाढवणं हा आमच्या पट्ट्यातला जुना उद्योग. आधी भोसरी, चिंचवड, मग चाकण, सगळीकडचे कारखाने असेच वाढले. ऑर्डर वाढली, मशीन आलं, जागा कमी पडली की जुन्या शेडच्या अंगाला नवे खांब उभे राहायचे. मधली भिंत शेवटपर्यंत तशीच. नवं छप्पर झालं की एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत ती भिंत काढायची आणि सुट्टी संपल्यावर पहिल्या पाळीला लाईन चार गाळे पुढे सरकलेली असायची. नोकरीची बरीच वर्षं मी असल्या कामांच्या आसपास काढली, त्यामुळे त्यात मला फारसं नवल वाटत नाही.

पण हेच काम प्रार्थनास्थळाचं असेल तर? हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका जुन्या सहकाऱ्यामुळे. मूळचा नगर जिल्ह्यातला, मराठी ख्रिस्ती. इकडच्याच एका चर्चच्या कमिटीवर होता. चर्चची इमारत लहान, आणि दर रविवारी निम्मी माणसं बाहेर मांडवात. तसं होणारच. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० साली, महानगरपालिका १९८२ साली. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात होती, २०११ ला ती सव्वासतरा लाख झाली. कारखान्यांत आलेल्या माणसांबरोबर त्यांचे देवही आले. केरळातून, तामिळनाडूतून, गोव्यातून, नगर-जालन्याकडून. एकाच छताखाली सकाळी मराठी, मग इंग्रजी, मग मल्याळी, अशा 'पाळ्या' लागायला लागल्या. वाढवायचं हे सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते 'बंद ठेवून की चालू ठेवून' यावर.

बंद ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. काम लवकर होईल, स्वस्तात होईल, कुणाच्या डोक्यात वीट पडणार नाही. इंजिनियर म्हणून विचाराल तर मी त्यांच्याच बाजूचा. पण सहकाऱ्याने सांगितलं की बैठकीत एक आजोबा उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की तुम्ही दीड वर्ष बंद म्हणता, त्या दीड वर्षात मी गेलो तर मला कुठून न्यायचं? त्यांची बायको त्याच चर्चमधून गेली होती. या प्रश्नाला बार चार्टमध्ये रकाना नाही. ठरलं, चालू ठेवूनच.

इथे कारखाना आणि चर्च यांतला पहिला फरक लक्षात येतो. कारखान्यात रविवार मोकळा. इथे रविवार हीच पहिली पाळी, आणि नाताळ, पवित्र आठवडा, ईस्टर म्हणजे 'शटडाऊन'च्या बरोबर उलट. शिवाय लग्नाची तारीख सहा महिने आधी कळते, अंत्यविधीची कळत नाही. पालखीच्या दिवसांत इकडे रस्त्याची कामं कशी थांबतात, तसं इथे आठवड्यातून चार वेळा थांबावं लागतं. मिक्सर बंद, बिगारी सावलीत, आणि आत गाणं सुरू.

दुसरा फरक तांत्रिक आहे, पण सांगण्याजोगा आहे. जुनी इमारत तिच्या मातीत बसलेली असते. जे काही खचायचं ते पहिल्या काही पावसाळ्यांत खचून झालेलं असतं. नवं बांधकाम अजून बसायचं असतं. दोघांना घट्ट बांधून टाकलं तर नवं बसताना जुन्याला ओढतं आणि तिरपी चीर जाते. म्हणून मध्ये बोटभर सांधा मोकळा सोडतात. जुन्या पायाशेजारी खणायचं तर सलग चर कधीच खणायचा नाही. चार फूट खणा, भरा, मध्ये दोन तुकडे सोडून पुढचे चार फूट. आणि भिंतीत मोठी कमान फोडायची असेल तर आधी भिंतीच्या आरपार तुळया घालायच्या, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, वरचा भार त्यांच्यावर घ्यायचा आणि मगच खालचे दगड काढायचे. थोडक्यात, भिंत फोडायच्या आधी नव्या बाजूचं सगळं तयार हवं. फोडणं हे शेवटचं काम. आपल्याकडचे घाईचे ठेकेदार ते पहिलं करतात, पण असो.

हे सगळं बघताना मी वाचायला लागलो, की पूर्वी लोकांनी हे कसं केलं असेल? आणि वाचता वाचता थेट रोमला पोचलो.

रोमचं सेंट पीटर्स आपण जे फोटोत बघतो ते दुसरं. पहिलं कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळातलं, चौथ्या शतकातलं, संत पीटरच्या थडग्यावर बांधलेलं. सोळाव्या शतकापर्यंत ते बाराशे वर्षांचं म्हातारं झालं होतं, भिंती कलल्या होत्या. १८ एप्रिल १५०६ ला पोप दुसरा ज्युलियस याने नव्या चर्चचा पायाचा दगड बसवला आणि ब्रामांते या वास्तुविशारदाने कामाला हात घातला. हात म्हणजे हातोडाच. त्याने जुन्या चर्चचा वेदीकडचा भाग असा धडाधड पाडला, की रोमच्या लोकांनी त्याचं नाव 'रुइनांते', म्हणजे पाडापाडी करणारा, असं ठेवलं. प्रश्न असा, की मुख्य वेदी आणि तिच्याखालचं थडगं नेमकं त्याच भागात. ते हलवता येत नव्हतं, कारण अख्खं चर्च तिथे असण्याचं कारणच ते. म्हणून ब्रामांतेनेच वेदीवर एक दगडी घर बांधलं. चर्चच्या आत नव्हे. छप्पर गेलेलं, आजूबाजूला नवे अजस्र खांब अर्धवट उभे, पावसात भिजणारे, आणि मध्ये हे छोटंसं घर. त्यात पोपची मिस्सा होत असे. हे 'तात्पुरतं' घर जवळजवळ ऐंशी वर्षं टिकलं आणि १५९२ मध्ये काढलं गेलं. तात्पुरत्या शेडचं आयुष्य आपल्याकडेही असंच असतं म्हणा.

जुन्या चर्चचा पुढचा अर्धा भाग अजून उभा होता, वापरात होता. १५३८ मध्ये सांगाल्लो या पुढच्या वास्तुविशारदाने जुनं आणि नवं यांच्यामध्ये आडवी भिंत घातली. आमच्या शेडमधल्या भिंतीचीच मोठी बहीण. भिंतीच्या एका बाजूला हजार वर्षांपूर्वीच्या खांबांमध्ये यात्रेकरू गुडघे टेकतायत, दुसऱ्या बाजूला मायकेलअँजेलोचा घुमट चढतोय. दर पंचवीस वर्षांनी रोममध्ये मोठं जुबिली वर्ष येतं, आपल्या कुंभासारखी गर्दी होते. १५२५, १५५०, १५७५, १६०० अशी चार जुबिली वर्षं या अर्धवट चर्चने काढली. मायकेलअँजेलो १५६४ मध्ये गेला, घुमट पुरा झाला १५९० मध्ये. शेवटी पाचव्या पॉलने १६०५ मध्ये उरलेला जुना भाग पाडायचं ठरवलं, मादेर्नोने तिथे नवा लांब सभागृहाचा भाग जोडला आणि १८ नोव्हेंबर १६२६ ला नव्या चर्चचं विधिवत समर्पण झालं. एकशेवीस वर्षं. मधल्या काळात जन्मून, लग्न करून, मरून गेलेल्या रोमकरांच्या तीन-चार पिढ्यांनी 'सेंट पीटर्स' म्हणून बांधकामच पाहिलं.

जर्मनीत कोलोन कॅथीड्रलची तऱ्हा याच्याही पुढची. १२४८ ला सुरू, वेदीकडचा भाग १३२२ ला तयार. त्यापुढे भिंत घालून तेवढ्यातच उपासना सुरू केली आणि बाकीचं सावकाश करू म्हणाले. ती भिंत १८६३ मध्ये निघाली. १८८० ला चर्च पुरं. इतकं सावकाश आपल्या महामार्गाचं कामसुद्धा चालत नाही.

आता जवळ येऊ. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल (ज्याच्यामुळे चर्चगेटला चर्चगेट म्हणतात) हे असंच तुकड्यातुकड्यांनी झालेलं. गव्हर्नर जेरल्ड आँजिए याने १६७६ मध्ये पाया घातला, भिंती माणसाच्या उंचीच्या दोन-अडीचपट आल्या आणि काम बंद पडलं. चाळीसेक वर्षं त्या उघड्या भिंती तशाच पावसात. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने लोकांकडून पैसे गोळा करून ते काम पुरं केलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. १८३७ मध्ये मुंबईला बिशप मिळाला, चर्चचं कॅथीड्रल झालं. मग एवढ्या मानाला साजेसं रूप हवं म्हणून १८३८ मध्ये मनोरा आणि घड्याळ आलं. १८६० च्या दशकात कापसाच्या पैशाने मुंबईला भरती आली होती, त्या भरतीत वेदीकडचा भाग वाढवला गेला. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव पडले, शेअरबाजार कोसळला आणि मुंबईचे भलेभले धुळीला मिळाले.

आजही आत गेलात तर दाराकडून वेदीकडे चालत जा. सुरुवातीला सरळसाधी, गोलसर कमानींची, कंपनीच्या काळातली इमारत. वेदीशी पोचेपर्यंत टोकदार कमानी, रंगीत काचा, चक्क गॉथिक. एकाच खोलीत दीडशे वर्षं चालून आल्यासारखं वाटतं. जोडकाम लपवायचा कुणी फारसा प्रयत्न केलेला नाही आणि मला ते आवडतं. पूर्वी मुंबईचे मैलाचे दगड याच चर्चपासून मोजत असत, म्हणजे शहराचं शून्य असलेली इमारतच मुळात ठिगळांची.

पुण्यात क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च मला या विषयात जास्त जवळचं वाटतं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते. त्यांना प्रार्थनेला जागा नव्हती. सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली. त्याच वर्षीच्या नाताळात तिथे पहिली मिस्सा झाली असं सांगतात. आधी अगदी साधी इमारत, मग १८५२ मध्ये आजचं चर्च. पोटापाण्यासाठी दुसऱ्या मुलखातून आलेली माणसं, मालकाने दिलेली जागा, आधी कच्चं छप्पर, माणसं वाढली तसं पक्कं. तलवारीच्या जागी स्पॅनर ठेवा, आमच्या पट्ट्यातल्या चर्चची हीच कथा आहे. ज्या घराण्याच्या चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्याच घराण्याने त्रेपन्न वर्षांनी चर्चला जमीन दिली, हेही त्यात आलंच.

वसईच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या हे बहुतेकांना माहीत असतं. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. चाकण आणि भीमाशंकर एकाच खेड तालुक्यात. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या ज्योतिर्लिंगापुढची घंटा मुळात एका चर्चसाठी ओतलेली. हीदेखील एक जोडणीच, फक्त चर्चला नाही तर चर्चमधून.

मात्र चालू ठेवून वाढवणं या विद्येत आपल्या पट्ट्याचा खरा गुरू चर्च नाही. तो आळंदीला आहे.

ज्ञानेश्वरांची समाधी शके १२१८ ची, म्हणजे १२९६. त्यावर आज जे देऊळ आहे ते कुणा एकाने एका वेळी बांधलेलं नाही. १५७० च्या सुमाराला आंबेकर देशपांडे यांनी मूळ देऊळ बांधलं. १७५०-६० च्या आसपास शिंद्यांचे दिवाण रामचंद्र मल्हार शेणवी यांनी मंडप आणि पश्चिमेची ओवरी जोडली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं आणि ते स्वतः महाद्वाराची पायरी होऊन राहिले. वारकरी आत जाताना आधी त्या पायरीला हात लावतात. देवळाला केलेल्या वाढींमध्ये याहून मोठी वाढ मला माहीत नाही, आणि ती आहे एका पायरीएवढी.

आळंदीचा नकाशा कागदावर काढायला गेलं तर कुठल्याही ड्राफ्ट्समनला राग येईल. कारण आधी असलेलं काहीच हलवलेलं नाही. सिद्धेश्वराचं देऊळ समाधीच्याही आधीचं, ते आहे तिथे. त्याच्यासमोरचा नंदी तिथेच, कारण समाधीची वाट त्याच्याखालून अशी श्रद्धा. अजानवृक्ष तिथेच. एकनाथांच्या कथेत त्याचीच मुळी माउलींच्या गळ्याला लागते, त्याला कोण हात लावणार? प्रत्येक पिढीने उरलेल्या जागेत आपलं बसवलं. ब्रामांतेची अडचण आणि आंबेकर देशपांड्यांची अडचण एकच होती. मधलं थडगं हलणार नाही, आणि त्याच्यापाशी येणारी माणसं थांबणार नाहीत. फरक इतकाच, की रोमने जुनं पाडून मोठं केलं, आळंदीने जुन्याला वळसा घालून.

थेऊरचंही तसंच. मूळ देऊळ चिंचवडच्या देव घराण्याने बांधलेलं, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीवरचं देऊळही त्यांचंच. थेऊरला पुढे शंभरेक वर्षांनी थोरल्या माधवरावांनी लाकडी सभामंडप जोडला. १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव त्याच देवळाच्या आवारात गेले. सत्तावीस वर्षांचा माणूस. चर्चच्या बैठकीतल्या त्या आजोबांचा प्रश्न मला इथे परत आठवतो. माधवराव थेऊरला येऊन राहिले ते देऊळ चालू होतं म्हणून.

वाढवण्याची एक उलटी बाजूही असते, आणि ती आपण अलीकडे पंढरपुरात पाहिली. १५ मार्च २०२४ पासून विठ्ठल मंदिरात जतनाचं काम निघालं. पदस्पर्श दर्शन बंद, फक्त सकाळी काही तास मुखदर्शन. चैत्री एकादशी त्याच काळात आली, ती दुरूनच झाली. २ जूनला पदस्पर्श पुन्हा सुरू झाला. गंमत म्हणजे हे काम जोडायचं नव्हतं, काढायचं होतं. गेल्या काही दशकांत भाविकांनी मोठ्या हौसेने बसवलेल्या फरश्या आणि इतर नवं काम काढून जुना काळा दगड मोकळा करायचा होता. मेअखेरीस कान्होपात्रेच्या देवळाजवळ फरशीखाली एक तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. म्हणजे कुणीतरी कधीतरी, देऊळ चालू असतानाच, वरून फरशी टाकून पुढे गेलं होतं.

तेव्हापासून मी कुठल्याही देवळात शिरलो की पायाखाली बघतो. ग्रॅनाइट चकचकीत असेल तर जास्तच.

रोमच्या गोष्टीत एक माणूस राहिलाच. जाकोमो ग्रिमाल्दी. हा ना वास्तुविशारद, ना गवंडी. चर्चचा कारकून, नोटरी आणि दप्तरदार. १६०५ मध्ये जुना उरलेला भाग पाडायचं ठरल्यावर त्याने तो पडायच्या आधी लिहून काढायला घेतला. कुठली वेदी कुठे होती, कुणाचं थडगं कुठे, ते उघडल्यावर आत काय निघालं, भिंतीवर कुठलं चित्र होतं, कुठला शिलालेख. सोबत रेखाटनं. गवंडी पुढे पाडत चालले होते आणि हा मागे लिहीत चालला होता. बाराशे वर्षांच्या त्या चर्चबद्दल आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं या माणसाच्या वह्यांमधून.

मी सहकाऱ्याला फोन करून एवढंच सांगितलं, की मागची भिंत फुटायच्या आधी तिच्यावरच्या संगमरवरी पाट्यांची यादी करा. गेलेल्या माणसांची नावं, तारखा, कुठल्या ओळीत कुठली पाटी, आणि टेप लावून अंतरं. पाट्या काढून नव्या भिंतीत बसवणारच होते, पण क्रम कुणी लिहिलेला नव्हता. त्याने दोन कॉलेजच्या पोरांना बसवलं. एकशेचार पाट्या निघाल्या. त्यातल्या सहा अशा, की त्यांचं घर आता इथे कुणालाच माहीत नाही. त्या पाट्या कुठे लावायच्या यावर कमिटीची आणखी एक बैठक झाली.